घंगाळातले मासे

वकीलसाहेबांच्या घरातले लाल मासे आधी नुसत्या हौसेचे होते. साहेबांनी हैदराबादेहून काचेची पेटी आणली होती, लोखंडी चौकटीची, सांध्यांत पाणी अडवायला काळी लांबी भरलेली. जालन्यापर्यंत ती रेल्वेनं आली आणि तिथून भोकरदनला बैलगाडीत, कडब्याच्या गादीवर. मासे वेगळ्या मडक्यात होते. राजूरकडचे, धावड्याकडचे पक्षकार बाहेरच्या खोलीत बसायचे आणि आपला दावा विसरून त्या पेटीकडं बघत राहायचे.

माझे वडील त्यांच्यातलेच एक. धावड्याच्या आमच्या शेताच्या बांधाचं भांडण घेऊन ते आले होते आणि मला बरोबर आणलं होतं. साहेबांनी मला सहज काही विचारलं, मी उत्तर दिलं, आणि ते वडिलांना म्हणाले, "बांधाचं मी बघतो. पोराला इथंच राहू द्या." त्या घरात राहून मी शाळा शिकलो आणि पुढं त्यांच्याच आधारानं हैदराबादेत बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं.

निकाल घेऊन मी भोकरदनला आलो तेव्हा साहेब अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळून होते. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, वाचा बंद होती. मी पायांवर डोकं ठेवलं, मोठ्यानं सांगितलं, "साहेब, मी पास झालो." त्यांची नजर माझ्यावर आली नाही. ती माझ्या खांद्यावरून पलीकडं, पेटीकडं लागलेली होती.

त्यांच्या पत्नीला मी काकी म्हणायचो. काकींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वाईट वाटून घिऊ नको. त्यांच्या जेवणाची येळ झालीय."

मग मी ते पाहिलं, आणि आधीचं काकींनी सांगितलं. आजारपणात साहेबांनी दात घट्ट आवळून धरले होते. हकीम आला, वैद्य झाला, कुणाच्यानं ते तोंड उघडेना. अन्न गेलं नाही तर माणूस राहणार नाही, एवढंच दोघांनी सांगितलं. एक दिवस काकींनी हवा यावी म्हणून खाट फिरवली आणि साहेबांचा चेहरा पेटीकडं झाला. मासा काचेशी येऊन तोंड उघडतो, मिटतो. त्याच्याकडं एकटक बघता बघता साहेबांचेही ओठ सुटले. काकींनी त्या फटीतून पेजेचा चमचा आत सारला. तेव्हापासून पेटी आतल्या खोलीत खाटेशेजारी आली आणि दोन्ही वेळचं जेवण तसंच होऊ लागलं. मासा तोंड उघडायचा, साहेब उघडायचे, काकी चमचा घालायच्या. बाहेरच्या कुणाला हे माहीत नव्हतं. कुणी भेटायला आलं की काकी दारातूनच म्हणायच्या, "साहेब झोपलेत." ज्यांच्या आवाजानं कचेरी हलायची, त्यांचं लाळ गळणारं तोंड गावानं बघू नये, एवढाच त्यांचा हट्ट होता.

घरात आत येणारा बाहेरचा माणूस एकच, साहेबांचे मुन्शीजी. काम उरलं नव्हतं तरी ते रोज टोपी घालून वेळेवर यायचे आणि बाकावर बसायचे.

वैशाखाचे दिवस होते. केळना नदी आटली होती, पाणी वाळूतल्या झिऱ्यातून भरून आणायला लागायचं. दुपारी खिडकीतून ऊन थेट पेटीवर यायचं, मासे तळाशी सुस्त पडून राहायचे. काकींना त्यांची कीव आली. त्यांनी रांजणातलं गार पाणी आणलं आणि तापलेल्या पेटीत ओतलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी ओसरीवरून धावत आलो तोवर काचेवर खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत एक तिरपी रेघ उमटली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं.

"मी त्यांना गारवा द्याया गेल्ते," काकी एवढंच म्हणत राहिल्या.

"काकी, भांडं! मोठं भांडं आणा!"

मी हाताच्या तळव्यानं चीर दाबून धरली. पाणी बोटांच्या मधून कोपरापर्यंत ओघळत होतं. काकींना देवघराशेजारचं तांब्याचं घंगाळ आठवलं. सणावारी अंघोळीला काढायचं घंगाळ ते. पण इतक्या घाईतही त्या ते तसंच आणायला तयार होईनात.

"थांब, हिरवं चढलंय. घासून आणते. साहेबांचे मासे हायेत, असल्या मळक्या भांड्यात कशी टाकू?"

चिंच आणि मीठ लावून त्यांनी ते लखलखीत घासलं. रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं प्यायचं पाणी त्यात ओतलं. आमच्या सगळ्यांच्या घरी तांब्यातल्या पाण्याइतकं शुद्ध काही नसतं. मी बी.ए. होतो, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट काकींनी माशांचा एवढा मान ठेवला म्हणून मला बरं वाटलं. ओंजळीनं एकेक मासा उचलून मी त्या लखलखत्या भांड्यात सोडला.

पेटी रिकामी होताना साहेब बघत होते. त्यांच्या घशातून घरघर आली. डावा हात गोधडीवर आपटू लागला.

संध्याकाळी पेज तयार झाली आणि आम्ही दोघं घाबरून एकमेकांकडं बघत राहिलो. घंगाळ उंच पाटावर खाटेशी ठेवलं, पण पडल्या पडल्या त्यांना नुसती तांब्याची कड दिसत होती. मी मागं बसून त्यांना छातीशी टेकवून उचललं. किती हलके झाले होते ते! मान पुढं झुकवून धरली, तेव्हा आत दिसलं.

मासे सगळे वर आले होते. पाण्याच्या तोंडाशी गर्दी करून मोठमोठ्यानं तोंडं उघडत होते, मिटत होते. पेटीत असं कधी व्हायचं नाही. पेटीत ते आपल्या मर्जीनं काचेशी यायचे, इथं थांबतच नव्हते. साहेबांचे ओठ सुटले. चमचा गेला. पुन्हा सुटले. काकी भरवत राहिल्या आणि वाटी संपली. आजारपणात पहिल्यांदा वाटी संपली होती.

"बघ," काकी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तांब्याचं पाणी कसं मानवलं त्यांना."

मुन्शीजी दारातून डोकावले. "भूक लागलीय बिचाऱ्यांना. कशी तोंडं वासून राह्यलेत! काय बीए, त्यांना बी काही घाल की."

मी कणकेच्या गोळ्या करून टाकल्या. एकाही माशानं त्या खाल्ल्या नाहीत. गोळ्या तळाशी जाऊन बसल्या. मला वाटलं, लाजले असतील नव्या जागेला. त्या संध्याकाळी आम्ही तिघं इतके आनंदात होतो की मुन्शीजींनी साहेबांच्या जुन्या उलटतपासण्यांच्या गमती सांगितल्या आणि काकी हसल्या.

सकाळी काकींची हाक आली, तीही मोठी नव्हती. मी गेलो तर त्या घंगाळाच्या दोन्ही कडा धरून खाली बसल्या होत्या. मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. लाल रंग कुठल्या कुठं गेला होता. पाण्यावर बारीक साय आल्यासारखं दिसत होतं. तांब्याच्या, त्यातही चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या पाण्यात मासा घुसमटून मरतो, हे मी फार वर्षांनी एका पुस्तकात वाचलं. ती भूक नव्हती. त्या संध्याकाळी ज्या तोंडांकडं बघून साहेब वाटीभर जेवले, ती श्वासासाठी उघडत होती. काकींना मी हे कधीच सांगितलं नाही.

मुन्शीजी आले, त्यांनी टोपी काढून ठेवली आणि बोटानं एकेक मासा हलवून बघितला. एकाचा कल्ला हलला.

"हाय! एक हाय अजून! जल्दी, दुसरं भांडं दे."

"दुसरं कुठलं, मुन्शीजी?" काकी म्हणाल्या. "बाकीची सगळी लहान हायेत. रांजणाला तर बोटभर पाणी राह्यलंय."

मासा ओंजळीत घेऊन मुन्शीजी तसेच अंगणात पळाले आणि पुढच्या दाराच्या आत, उंबऱ्यालगत, पक्षकारांच्या बैलांना पाणी पाजायला ठेवलेली दगडी डोण होती, तिच्यात त्याला सोडून आले. डोण शेवाळलेली, पाणी हिरवट. काकींना ते बघवेना. पण मासा तिथं थोडा वेळ आडवा तरंगला आणि मग सरळ झाला.

मेलेले मासे आणि पाणी काढल्यावर साहेबांच्या खोलीत रिकामं घंगाळ उरलं. पेजेची वाटी घेऊन काकी बसल्या, मी साहेबांना उचलून धरलं. त्यांनी आत पाहिलं, स्वच्छ, रिकामं तांबं. दात आवळले ते आवळले. काकींनी विनवलं, रडल्या, शेवटी रागावल्या. "माझ्याकडं बघून उघडा की तोंड! मी कुणीच न्हाई का तुमची?" पेज हनुवटीवरून गळ्यात उतरली. दुपारी तेच झालं.

मग माझं एकच चाललं, पेटी सांधायची. बांगड्यांच्या दुकानातून लाख आणली, वितळवली, चिरेत भरली. ती काचेला धरेना, थंड झाली की पापुद्र्यासारखी सुटायची. मुन्शीजी म्हणाले, "काच जरा गरम करून बघ, मंग धरंल." मी उलथनं तापवलं आणि चिरेशी धरलं. लाख धरली. मी दुसऱ्या टोकाकडं गेलो आणि पुन्हा तोच काटकी मोडल्याचा आवाज आला. तिरप्या रेघेतून दुसरी रेघ फुटली आणि काचेचा त्रिकोणी तुकडा माझ्या मांडीवर पडला. त्या वेळी मला जे रडू आलं तसं निकालाच्या आनंदातही आलं नव्हतं. या माणसानं मला माणसात आणलं होतं, आणि मला त्याच्या तोंडात एक चमचा घालता येत नव्हता.

"बीए," मुन्शीजी माझ्याशेजारी जमिनीवर बसत म्हणाले, "आता मासा हिकडं आणता यीना, तर साहेबांला तिकडं न्यायचं."

"मासा आणू की मातीच्या घागरीत."

"आन् घागरीत दिसंल काय त्यांला? त्यात जीव तरी किती राह्यलाय. पुन्हा हात लावला तर संपला."

काकी दारात उभ्या होत्या. "न्हाई," त्या म्हणाल्या. "पुढचं दार सदा उघडं. सगळा रस्ता बघंल. न्हाई म्हणजे न्हाई."

"वहिनी, दार लावून घेऊ."

"खाट दारापाशी जाती. डोण उंबऱ्याला लागून हाय. दार लागतं का मंग? तुम्हाला ठाऊक न्हाई का?"

काकींनी दारातूनच साहेबांकडं बघितलं. मग आत गेल्या, ओलं फडकं घेऊन आल्या आणि साहेबांचं तोंड पुसू लागल्या. गाल, हनुवटी, गळ्यातली वाळलेली पेज. केस विंचरले. खुंटीवरची कचेरीत घालायची काळी शेरवानी काढली आणि ती गोधडीवर, छातीवरून पांघरली.

"उचला," त्या म्हणाल्या.

ऊन उतरलं होतं. मी डोक्याकडून, मुन्शीजी पायांकडून खाट उचलली. खोलीच्या उंबऱ्यात ती अडकली, तिरपी करावी लागली, साहेबांची मान कलंडली. डोणीशी खाट टेकवली आणि मी त्यांना मागून धरून बसवलं. हिरव्या पाण्यात काहीच दिसत नव्हतं. मासा दगडाच्या सावलीत कुठंतरी दडला होता.

रस्त्यानं बाजाराची माणसं चालली होती. एक जण थबकला, मग दुसरा. कुजबुज झाली, "वकीलसाहेब... वकीलसाहेब हायेत." काकींनी पदर पुढं ओढला. त्यांचा हात दाराच्या फळीकडं गेला, फळी खाटेला आपटून परत आली. राजूरकडचा एक म्हातारा पक्षकार पागोटं सावरत पुढं आला. काकी त्याच्याकडं बघत नव्हत्या. तो वाकून म्हणाला, "रामराम, साहेब. लई दिवसांनी दिसले. म्या दोनदा येऊन गेल्तो, झोपल्यात म्हणले."

साहेबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. नजर मात्र पाण्यावरून हलली नाही.

आम्ही थांबलो. माझे हात भरून आले. मग शेवाळाखालून काहीतरी लालसर वर आलं, अगदी हळू. पाण्याच्या तोंडाशी येऊन त्यानं एकदा तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा आत गेलं. साहेबांचे ओठ सुटले. मासा दिसेनासा झाल्यावरही ते मिटले नाहीत, ते वाट बघत होते. काकींनी चमचा घातला. दुसरा घातला. तिसऱ्या चमच्याला दात आवळले गेले.

"खाल्लं," मुन्शीजी हळूच म्हणाले. "थोडं का होईना, खाल्लं."

काकींनी वाटी डोणीच्या कडेवर ठेवली. अजून बरीच पेज उरली होती. त्यांनी गर्दीकडं पाठ केली, साहेबांचं तोंड पुसलं आणि डोणीत वाकून पाहिलं. पाणी शांत होतं. उद्या सकाळी पुन्हा खाट बाहेर काढायची होती, संध्याकाळी पुन्हा, आणि त्या हिरव्या पाण्यात एकच मासा होता. मी साहेबांना धरून तसाच बसलो आणि आम्ही सगळे तो परत वर येण्याची वाट बघत राहिलो.