शिसवी गुराब

भिकन जेजुरकर नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा भाग ओतण्याआधी तो हुबेहूब लाकडात घडवायचा, हे त्याचं काम. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास कारखान्याची सहल कोकणात गेली. तिथे एका काचेच्या पेटीत त्याने मराठी आरमारातल्या गुराबेची, म्हणजे लढाऊ जहाजाची, लहानशी प्रतिकृती पाहिली. तेव्हापासून सुट्टीचा प्रत्येक दिवस अशी लाकडी जहाजं घडवण्यात जाऊ लागला.

घर मखमलाबाद रस्त्याला होतं. मागच्या जमिनीच्या तुकड्यात बायको मैना शेवंती लावायची आणि फुलं बाजारात न्यायची. मागची खोली दोघांची. एका भिंतीला फुलांच्या पाट्या, दुसऱ्या भिंतीला भिकनचं टेबल.

पहिलं जहाज सागाचं. त्याने एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी चिकटवल्या, आणि सुकताना जहाजाचा कणाच पिळला. पुढे कुणी शिकायला आलं की तो बजावायचा, "एक पट्टी डावीकडे, की लगेच एक उजवीकडे. पट्टी गरम पाण्यात भिजव, तापल्या नळीवर हळूहळू वाकव. पूर्ण वाळल्याशिवाय सरस लावू नकोस."

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या जुन्या लाकडाच्या दुकानात त्याला शिसवी पलंगाचे पाय मिळाले. काळपट, जड, तेलकट लाकूड. याचीच गुराब करायची, असं त्याने तिथेच ठरवलं. पाय चिरून पातळ पट्ट्या काढल्या, तेव्हा खोलीभर जांभळट भुसा बसला. फुलांवरही.

आधी मनगटं खाजायला लागली. मग सकाळी पापण्या सुजायच्या. दिवाळीत खोकला सुरू झाला आणि जिना चढताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

"घरात फुलं असतात ना?" गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं. "त्याचीच ॲलर्जी असणार."

मैनाने त्याच दिवशी पाट्या पडवीत नेल्या. खोकला हटला नाही.

शिडाच्या दोरांसाठी रेशीम हवं होतं, म्हणून भिकन येवल्याला बहिणीकडे गेला. चतुराबाईच्या घरी हातमाग होता. तिच्या दाराशी झेंडू दाटला होता, तरी तिथे त्याचा श्वास मोकळा झाला. तो रात्री सलग झोपू लागला. परत आला, शिसवीवर पॉलिश पेपर फिरवला, आणि तासाभरात छाती आवळून आली. हातातला कागद खाली ठेवून तो बराच वेळ त्या लाकडाकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. त्याने कुणालाच सांगितलं नाही.

मार्गशीर्षात, फुलांना सगळ्यात जास्त मागणी असताना, मैनाने शेवंती उपटायला घेतली.

"राहू दे ना थोडी," तो दारातून म्हणाला.

"तुमच्या श्वासापुढे फुलांचं काय घेऊन बसलात?" ती खाली वाकूनच बोलली. कळ्यांनी भरलेली झाडं मुळासकट बांधावर पडत होती.

तेव्हा बोलता आलं असतं. पण गुराबेचा निम्मा तळ उघडा होता. तो आत गेला आणि पुढची पट्टी भिजत घातली.

संक्रांतीनंतर एका दुपारी त्याला श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले. शेजारच्या योगेशने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याची नखं पाहिली.

"कसला भुसा हा?"

"शिसव," भिकन कसाबसा म्हणाला.

"आता त्या लाकडाजवळसुद्धा जायचं नाही. पुढच्या वेळी इथवर पोचाल, याची खात्री मी देत नाही."

त्या गेल्यावर मैनाने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सारखा केला आणि भिंतीकडे पाहिलं. 

कारखान्याने लाकूडकामावरून त्याची स्टोअरमध्ये बदली केली. खिशात दम्याचा पंप आला. मागच्या खोलीला कडी लागली. मैनाने तुकड्यात कोथिंबीर लावली. ती त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं.

उन्हाळ्यात एकदा ती बाजारातून आली, तर कडी निघालेली. आत भिकन तोंडाला ओला रुमाल बांधून गुराबेचा तळ घासत होता.

"शेवटचीच पट्टी आहे," तो मागे न बघता म्हणाला.

मैनाने डोक्यावरची पाटी उतरवली. ती ओरडली नाही, त्याला ओढलंही नाही. उंबऱ्यावर बसली आणि त्याच्या छातीतली शिट्टी ऐकत राहिली.