तीस सेकंदांतली मावशी

सिनेमाचा रेडिओवरचा ट्रेलर तीस सेकंदांचा असतो. त्यात नट दिसत नाही, डोंगर दिसत नाही, रडणाऱ्या बाईचा चेहरा दिसत नाही. ऐकणारा मोटारसायकलवर असतो, नाहीतर कांदा चिरत असतो. त्याच्या कानात एक वाक्य अडकवायचं, मागे ढोल वाजवायचा आणि शेवटी भारदस्त आवाजात सांगायचं, 'आपके नज़दीकी सिनेमाघर में'. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या रेडिओवर मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. मला ते चांगलं जमतं. दुखणं तेच आहे.

मागे जवळच्याच लालबर्र्याच्या एका तरुणाने हिंदी सिनेमा काढला. हैदराबादला मजुरीला गेलेला मुलगा परत येत नाही, एवढीच गोष्ट. आईच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा मीच रामपायलीची माझी मावशी सुचवली. मावशीने तोवर कॅमेरा पाहिला तो आधार कार्डापुरता. पण तिच्या चेहऱ्यात काहीतरी आहे, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं.

सिनेमात दोन माणसं दारात येतात आणि मुलाची बॅग खाली ठेवतात. कागदावर मावशीचं वाक्य होतं, 'मेरा बेटा कहाँ है?' तिला हिंदी येते, पण बाजारापुरती. ते वाक्य काही तिच्या तोंडात बसेना. शेवटी बॅगेकडे बघत ती आपलंच बोलली, ''बॅग आली, मंग तो काहून नाही आला?'' कट म्हणायचं भान कोणालाच राहिलं नाही म्हणे.

ट्रेलरसाठी माझ्याकडे आला तो नुसता आवाज. त्या अख्ख्या सिनेमातलं हे एकच मराठी वाक्य. आमच्याकडची पोरं घरात आईशीसुद्धा हिंदीत बोलतात, आणि कोणी 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की खुदकन हसतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी ते उचललं. वाक्य 'काहून'वर तोडलं, तो शब्द तीनदा वाजवला आणि मागे 'टुंईंग' असा स्प्रिंगचा आवाज टाकला. दिग्दर्शकाचा चेहरा पडला.

''भैया, ये तो कॉमेडी लग रही है.''

''हॉल भरना है कि नहीं?'' मी म्हणालो. ट्रेलर तसाच लागला.

आठ दिवसांत बालाघाटभर 'काहून, काहून' सुरू झालं. पानठेल्यावर तेच, कोचिंग क्लासच्या जिन्यात तेच. मला तर गगन ठेंगणं झालं. मावशीकडे रेडिओ नव्हता. तिने फोन करून विचारलं, ''बाबू, गावातले म्हनतात, रेडिओवर मी लागून राह्यली. चांगली बोलली ना मी?''

''एकदम मस्त,'' मी सांगितलं.

पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला हॉल खरंच भरला. मावशी नवं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावर दारात दोन माणसं आली, तशी मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. मावशीने तोंड उघडलं मात्र, अख्खा हॉल एका सुरात ओरडला, 'काहून?' शिट्ट्या झाल्या, बाकडी बडवली गेली. पुढचं तिचं रडणं कोणाला ऐकूच आलं नाही. मावशी आजूबाजूला बघत राहिली. लोक हसताहेत म्हणून ती जराशी हसलीसुद्धा. ते हसणं मला आजही सहन होत नाही.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीशी तिने विचारलं, ''बाबू, लोकं हासले काहून? मी चुकली का?''

तिच्यासमोर खरं बोलायला एक मिनिट पुरलं असतं. तू चुकली नाहीस, तुझ्या वाक्याची मान मी मुरगळली, एवढंच सांगायचं होतं. पण माझी जीभ रेटली नाही. मी म्हणालो, ''नाही व मावशी. लोकाईले आपली बोली समजत नाही, म्हणून हासतात.''

''हौ,'' ती म्हणाली आणि चहा बशीत ओतू लागली. मला सुटल्यासारखं वाटलं. माझं पाप मी आमच्या बोलीच्या माथी मारलं होतं, आणि बोली काही उलटून बोलणार नव्हती. सिनेमा चार दिवसांत उतरला. हसायला आलेल्या लोकांना त्यात पुढे हसायचं काहीच सापडलं नाही.

परवा मावशीला फोन केला. तिने उचलला आणि म्हणाली, ''हाँ बेटा, बोलो. खाना हो गया क्या?''

जवळ कोणी परकं माणूस बसलं असेल, असं मला वाटलं. मी विचारलं, ''कोन आलं व मावशी घरी?''

''कोई नहीं बेटा,'' ती जपून जपून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, ''मैं अकेली हूँ.''