गुरुवार आला की बिघडणारा प्रोग्राम

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या गावी, वरकुट्याला, एक फजिती झाली... माझी स्वतःचीच. हसा, पण पूर्ण वाचा.

मी बारामती एमआयडीसीत एका डेअरीच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. राहायला वरकुट्यात, रानातल्या वस्तीवर. आणि नाद म्हणाल तर जुन्या कॉम्प्युटरचा. चाळीस वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर भंगारातून आणून दुरुस्त केलाय आणि घरातल्या जुन्या टीव्हीला जोडलाय.

त्याच्यावर एक प्रोग्राम चालतो... आजच्या फोटोचं सोळा रंगांतलं चित्र करणारा. मोबाइलला हे काम पापणी लवायच्या आत जमतं, या म्हाताऱ्याला दोन तास लागतात. वरून एकेक ओळ रंगत खाली येते, ती बघत बसण्यातच तर सगळी मजा.

प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ परदेशातले, सत्तरी ओलांडलेले. सगळ्यांना फुकट देतात.

पण माझ्याकडे चित्र अर्ध्यावरच फिसकटायचं. खाली नुसती रंगीत ठिगळं आणि मशीन ठप्प! बरं, सोमवार ते बुधवार एकदम गुणी बाळ, गुरुवार आला की नाटकं सुरू. कॉम्प्युटर उघडून चिपा बदलल्या, पुन्हा सोल्डरिंग केलं... काडीचा फरक नाही.

शेवटी वैतागून जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, की हा प्रोग्राम भरवशाचा नाही, गुरुवार ते रविवार हमखास बंद पडतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला... दोघा-तिघांनी लगेच री ओढली.

ते गृहस्थही त्याच ग्रुपवर. बिचारे महिनाभर चूक शोधत होते. वाराचा काय संबंध, म्हणून सगळा प्रोग्राम ओळीओळीनं तपासला त्यांनी. अहो, त्या कॉम्प्युटरला साधं घड्याळसुद्धा नाही, त्याला वार कुठून कळणार?

बुधवारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं. चूक सापडत नाही, डोकं बहुतेक पूर्वीसारखं चालत नाही, लोकांचा वेळ वाया जायला नको म्हणून रविवारी प्रोग्राम काढून टाकतो... वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, आपलंच खरं ठरलं म्हणून थोडं बरंही वाटलं.

गुरुवारी म्हटलं, प्रोग्राम जाण्याआधी एकदा चालवून बघू. शेजारच्या वस्तीवरचे तात्या, माझे चुलत चुलते, रोजच्यासारखे चहाला आले होते. त्यांचाच फेट्यातला फोटो लावला.

फेटा आला, कपाळ आलं, भुवया आल्या. तात्या खूश. आणि नाकाखाली उतरतोय न उतरतोय तोच... ठिगळं! "आरं, माझ्या मिश्या कुठं गेल्या?"

मी दातओठ खात टीव्हीकडे बघत होतो. तात्यांनी कप खाली ठेवला आणि चपला घालायला लागले. कुठं निघालात विचारलं, तर म्हणाले, "लाईट आली न्हवं का. मोटार सुरू झाली आसंल, उसाला दारं धराय जातो." मग दारातनं वळून म्हणाले, "तुझं डबडं बी लाईट आली की बिघडतं बघ. मागल्या खेपंला बी आसंच झालं हुतं."

माझ्या डोक्यात तिथंच प्रकाश पडला...

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडे पाळीनं येते. सोमवार ते बुधवार सकाळी, म्हणजे मी कारखान्यात असताना, आणि पुढचे दिवस संध्याकाळी, नेमकं मी कॉम्प्युटर लावतो तेव्हा. प्रत्येकाच्या मोटारीला ऑटो बसवलेला, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू. घराची लाईट ज्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, येते त्याच्यावरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज क्षणभर धाडकन खाली येतं. बल्ब, टीव्ही ते सोसतात, पण त्या म्हाताऱ्या मशीनला सोसत नाही.

शुक्रवारी मीटर लावून बघितलं. तेच! दिवसभर कारखान्यात मी दुसरं काय करतो, कुठल्या मशीनला किती व्होल्टेज मिळतंय हेच तर बघतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा...

आता खरी पंचाईत. त्या गृहस्थांना एकट्याला गुपचूप कळवावं, असं मन सांगत होतं. पण बदनामी चारचौघांत केली होती, मग माफीही तिथंच मागायला हवी. शनिवारी सगळं लिहून टाकलं... मोटारी, ऑटो, डीपी आणि मी पेशानं इलेक्ट्रिशियन आहे तेसुद्धा. प्रोग्राम काढू नका, अशी हात जोडून विनंती केली. लोक पोट धरून हसले. हसू देत.

रविवारी सकाळपासून दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत होतो. प्रोग्राम जागेवर होता, पण त्यांचं उत्तर काही येईना.

दुपारी त्यांनी नवीन व्हर्जनच टाकलं. आता दर आठ ओळींनी काम सेव्ह होतं, मशीन बंद पडलं तर तिथून पुढे सुरू करता येतं. चित्राला पंधरा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

सोबत लिहिलं होतं... माझ्या घरची लाईट अशी कधी खाली-वर झालीच नाही, त्यामुळे तुमच्या घरचा विचार माझ्याकडून राहून गेला. तेवढी चूक माझी. चित्र पूर्ण आलं का, कळवा.

त्याच संध्याकाळी लावून बघितलं. लाईट आली, मशीन बंद पडलं, पुन्हा चालू केलं... आणि चित्र मुकाट पुढे सरकलं.

मग उत्तर लिहायला बसलो. मी महिनाभर नावं ठेवली, आणि हा माणूस माझी चूक पोटात घालून वर स्वतःचीच शोधत बसला. "चित्र पूर्ण आलं," एवढंच लिहिलं आणि खाली मिश्यांसकट तात्यांचं चित्र जोडलं.