मुखे विधुर हा

आता काय सांगू तुम्हाला, माझ्याच लग्नात मी माझ्याच लेखणीनं माझी बायको मारली! दचकू नका, चहा घ्या. ती आत भजी तळतेय.

लढाईचे दिवस. मी कडेगावचा, साताऱ्याला शिकलेला आणि एका साप्ताहिकात कविता छापून आल्यानं डोक्यात वारं शिरलेला. लेखकानं वाचकाला नवा शब्द देऊन श्रीमंत करावं, हे माझं तेव्हाचं ब्रीद! मग स्वतःच्या लग्नाची मंगलाष्टकं दुसऱ्या कुणाला लिहू देईन? कागदाची टंचाई होती, तरी खटपट करून गुलाबी कागदावर छापून घेतली.

अडलं ते माझ्या तोंडाशी. लहानपणच्या देवीचे वण गालभर. असल्या चेहऱ्याला शब्द भारीच हवा! मधूवरून मधुर, तर विधूवरून, म्हणजे चंद्रावरून, विधुर! लिहून टाकलं:

'वाणी ही मधुरा, मुखे विधुर हा, आला वधूच्या घरी!'

कोश उघडायचा? छे! कोश करणारे आपलंच वाचून शब्द गोळा करतात, अशी माझी समजूत.

आष्ट्याला मुलीच्या दारी मांडव घातला. अंतरपाट धरला. भटजींनी ती ओळ गायली मात्र, मुलीच्या गावचे मास्तर हातातला गुलाबी कागद नाचवत उठले.

"विधुर? म्हंजे पाव्हणा बिजवर हाय!"

मुलीचा मामा रजेवर आलेला हवालदार. तो गरजला, "थांबवा! पयली बायको कवा मेली, रं?"

"आवं मामा, पयली झालीच न्हाई!"

"मग ह्ये लिवलं कुणी?"

"मीच की!"

झालं! बातमी मांडवभर पळाली. मागच्या रांगेत पोचेपर्यंत मला दोन पोरं झाली होती. मांडवाच्या दाराशी थोरली लग्नाला आली. अहो, माझं वय बावीस! आमचे आबासुद्धा माझ्याकडं संशयानं बघायला लागले.

मामानं अंतरपाट हिसकला. "चला, लगीन मोडलं!"

मी अंतरपाटाचं दुसरं टोक धरून ठेवलं. "मामा, विधू म्हंजे चंद्र! चंद्रावानी तोंड, असं लिवायचं हुतं!"

"चंद्र? ह्यो?"

सगळ्या माना माझ्या गालांकडं वळल्या. तेवढ्यात मुंडावळ्या बाजूला सारून नवरीनं मला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं.

"लगीन मोडू नगा, मामा. खरं बोलत्यात. डाग हायती की!"

मामा असा हसला की त्याच्या मुठीतल्या अक्षता सगळ्या माझ्याच डोक्यावर. अख्ख्या मांडवात नेमका शब्द वापरला तो हिनंच, आणि तोही माझ्या तोंडावर!