चाकापुढची लिंबं

मला घाबरायला फारसं कारण लागत नाही. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करत होतो तेव्हा मला गाइडची भीती वाटायची, बर्फाची वाटायची, टपालानं आलेल्या कुठल्याही सरकारी पाकिटाची तर इतकी वाटायची की मी ते आधी उजेडात धरून बघायचो. पण सगळ्यात मोठी भीती काळ्या रंगाची होती, चार चाकांची होती, आणि माझ्यापेक्षा वयानं निदान पन्नास वर्षांनी मोठी होती.

साल दोन हजार दोन. नवं लग्न, नवा देश, आणि एका अमेरिकन म्हाताऱ्याच्या घराचं तळघर. म्हातारा वर एकटा राहायचा. वय अठ्ठ्याहत्तर, हात खोऱ्याएवढे. माझ्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात त्यांना ‘आजोबा’ करून टाकलं. अर्थ सांगितल्यावर ते इतके खूश झाले की टपालवाल्यालाही त्यांनी तेच म्हणायला लावलं.

आजोबांचा जन्म डेट्रॉइटकडचा. तिथल्या त्या थोरल्या मोटार कंपनीत त्यांनी उभं आयुष्य डावी दारं बसवली. उजवी दारं बसवणारा वेगळा. त्याच्याशी त्यांचं कधी पटलं नाही. त्यांचे वडीलही तिथंच होते. वडील लागले तेव्हा गाडी एका जागी उभी असायची आणि माणसं तिच्याभोवती फिरून ती जोडायची. मग एक दिवस माणसं जागेवर उभी केली आणि गाडी चालायला लागली. आजोबा हे असं सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं गाडीनं ते आपल्या मनानंच ठरवलं.

त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर त्या कंपनीच्या प्रत्येक काळातल्या गाडीची हबकॅप, म्हणजे चाकाच्या मधली झाकणी, टांगलेली होती. मी त्या भिंतीला दशावतार म्हणायचो. तळाला साधी, पुढं पंखवाल्या लांबलचक गाड्यांची चकचकीत, मग पेट्रोल महागल्यावरची केविलवाणी छोटी, वर ट्रकची, सगळ्यात वर आजच्या त्या हत्तींची. आणि या दशावताराखाली मूळ पुरुष स्वतः उभा: वडिलांनी घेतलेली विसाच्या दशकातली काळी उघडी गाडी. याच जातीच्या गाडीनं अमेरिकेतल्या शेतकऱ्याला, मास्तराला, खाटकाला चाकांवर बसवलं होतं.

“अशी कधी पाहिली आहेस?” आजोबांनी पहिल्या भेटीत विचारलं.

आता ‘नाही’ म्हणायला माझ्या तीर्थरूपांचं काय जात होतं? पण मी थापा मारत नाही, मी सत्याला थोडं खत घालतो.

“पाहिली? माझ्या आजोबांकडे हीच होती!”

माझ्या आजोबांकडे सायकल होती. तिला घंटीही नव्हती. ते तोंडानं ‘बाजूला, बाजूला’ म्हणायचे. पण म्हाताऱ्याचे डोळे एकदम भरून आले आणि मग मला थांबवेना. पुढच्या सहा महिन्यांत माझ्या आजोबांनी ती गाडी कृष्णेच्या पुरातून पोहत नेली, मागच्या सीटवर छत्री उघडून मामलेदार. एकदा रेड्याशी शर्यत लावली. रेडा हरला, त्यानं अन्न सोडलं.

“एक दिवस तू जिभेनं मरशील,” बायको म्हणायची.

जिभेनं मरायची पाळी आली, पण माझ्यावर नाही. ते पुढं.

गावात ऑक्टोबरात एक मिरवणूक निघायची: बँड, शाळेची पोरं, आगीचे बंब, आणि आजोबांची काळी गाडी. त्या वर्षी मान माझा होता. मी त्यांच्या शेजारी बसायचं, कारण ‘तुला हिची सवय आहे’. त्यासाठी त्यांची मुलगीही फिलाडेल्फियाहून आली होती. पन्नाशीची, नर्स, बोलायला सुरीसारखी. तिनं आदल्या संध्याकाळीच आमच्यादेखत सांगून टाकलं, “डॅड, हँडल मारून गाडी सुरू करायचं तुमचं वय राहिलं नाही. तुम्ही गोष्टी विसरता. मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवलात. एकदा, फक्त एकदा गाडीच्या बाबतीत काही विसरलात, की मी ती घेऊन जाणार.”

“गाडीच्या बाबतीत मी काही विसरत नाही,” आजोबा म्हणाले. पण म्हणताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, गाडीकडे बघितलं.

आता दसरा होता मंगळवारी. पण परदेशात आपले सण शनिवारीच येतात, आणि मिरवणूक शनिवारचीच. बायको म्हणाली, “गाडीची पूजा करू या? इतकी वर्षं राबली बिचारी, कुणी हळदकुंकू लावलं नसेल.” आजोबांना कल्पना भयंकर आवडली. झेंडू कुठून मिळायला? सुपरमार्केटमधून पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या आणल्या, तिनं रात्री बसून हात हात लांब हार केले. आपट्याऐवजी मेपलची पानं. नारळ होता. आणि लिंबं होती.

शनिवारी सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. आजोबा आत कॉफी घेत होते. मी गॅरेजमध्ये गेलो, रेडिएटरला हार घातला, दिव्यांना घातले, पुढच्या चाकांवरून सोडले. मग लिंबं ठेवायला वाकलो, तर दोन्ही पुढच्या चाकांपुढं लाकडाचे तिकोनी ठोकळे. मळकट, तेलकट. गाडी सपाट फरशीवर उभी, हँडब्रेक ओढलेला. मला वाटलं, म्हाताऱ्याचा जुना पसारा. लिंबाची जागा अडवतोय. काढले दोन्ही, आणि बायकोच्या हातात दिले: “हे ठेव कुठंतरी.”

चाकापुढं लिंबं ठेवली. हिरवीगार, टपोरी, सुपरमार्केटचं लेबल चिकटलेली.

आजोबा आले. हार बघून टोपी काढली. बायकोनं कुंकू लावलं गाडीला, मग त्यांना, मग चुकून खुद्द त्यांच्या मुलीला. मुलगी कपाळ पुसत चहा टाकायला आत गेली. मी मंत्र म्हटले. मला अथर्वशीर्षाच्या चारच ओळी येतात, त्या मी तीन वेळा म्हटल्या.

“आता मी सुरू करतो,” आजोबा म्हणाले.

गाडी नाकानं आत लावलेली. तिच्या पुढं जेमतेम तीन फुटांवर त्यांचं कामाचं टेबल, भक्कम ओकचं, त्यावर लोखंडी शिकंजा बसवलेला. आजोबा डावीकडून हात घालून किल्ली फिरवून गेले, टेबल आणि रेडिएटर यांच्यामध्ये शिरले, वाकले. खाली हारच हार. ठोकळ्यांकडे बघितलं नाही. ते त्यांनी स्वतःच्या हातानं रात्री लावले होते, बघायचं कशाला?

हँडलला एक झटका. दुसरा. तिसऱ्याला गाडी शिंकली, खोकली, आणि फट् फट् फट् करत जिवंत झाली.

आणि चालायला लागली.

हे नीट समजून घ्या, कारण मला ते तेव्हा समजलं नाही. त्या गाडीचं तेल थंडीत काकवीसारखं घट्ट होतं, आणि त्या घट्टपणानं इंजिन चाकांना आपल्याबरोबर ओढतं. गिअर नाही, माणूस नाही, तरी ती पुढं सरकते. हँडब्रेक म्हातारा झालेला असला तर तिला अडवायला एकच गोष्ट असते: चाकापुढचे ठोकळे.

वेगानं आली असती तर परवडलं असतं. ती आली पाहुण्यासारखी, एक एक पाऊल टाकत. लिंबं फुटल्याचा आवाज आला. आजोबा मागं सरकले. टेबल पाठीला लागलं. रेडिएटर त्यांच्या मांड्यांवर टेकला, पिवळ्या शेवंतीसकट.

“ब्रेक!” ते ओरडले. “ब्रेक, सन!”

मी धावलो. डाव्या बाजूला, ड्रायव्हरच्या दाराकडे. दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. दाराला कडी नाही. मी त्या दाराच्या कडेत नखं खुपसली, पाय लावून ओढलं, आणि तेव्हा हाताला कळलं की ते दारच नाही. पत्र्यावर दाराचा नुसता आकार उठवलेला होता. त्या गाडीला ड्रायव्हरच्या बाजूला दार नव्हतंच! ज्या माणसानं उभं आयुष्य डावी दारं बसवली, त्याच्याच गाडीला डावं दार नाही, आणि मी त्या नसलेल्या दाराला लटकलेला.

मी वरून उडी मारली. डोकं खाली, पाय वर, तसाच सीटवर पडलो, सरळ झालो. पायाशी तीन पेडलं. मी पुण्यात जीपवर गाडी शिकलेला माणूस. संकटात आपला डावा पाय आपल्याला न विचारता क्लचवर जातो. मी डावं पेडल तळापर्यंत दाबलं.

त्या गाडीत डावं पेडल दाबलं की पहिला गिअर पडतो.

गाडीनं अंग आखडून धडक मारली. टेबल करकरलं. आणि आजोबांचं ओरडणं थांबलं.

मी पुष्कळ गोष्टी फुगवून सांगतो. हे थांबणं मी फुगवत नाही. ती शांतता मला अजून ऐकू येते, इंजिनाच्या त्या सगळ्या फटफटाटातून. माझा पाय पेडलवर गोठला होता. मला वाटत होतं मी क्लच दाबून धरलाय, सोडला तर तो मरेल. आणि मी धरून ठेवला होता म्हणून तो मरत होता.

“अरे, बंद कर ना ते!” बायको उजव्या बाजूनं किंचाळली. तिला गाडी चालवता येत नव्हती. कुठली पेडलं, कुठला क्लच, तिला काही देणंघेणं नव्हतं. तिनं आरतीचं ताट टाकलं, उजव्या दारातून अंग आत घातलं आणि मिक्सर बंद करावा तशी किल्ली फिरवली.

गाडी मेली.

आम्ही दोघांनी चाकांचे आरे धरून तिला मागं रेटलं. आजोबा टेबलाला धरून हळूहळू फरशीवर बसले. चेहरा राखेसारखा, कपाळावर कुंकू. ओठ हलत होते. मी कान नेला.

“मी ठोकळे लावले नाहीत,” ते म्हणाले. “मला वाटलं लावले. मला आठवतंय लावल्याचं.”

मुलगी दारात उभी होती. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ते मला म्हातारे दिसले.

“तू बरोबर होतीस. ने ती. मला आता कळत नाही मी काय करतो.”

ती खाली बसून त्यांचे पाय चाचपायला लागली. तिचे डोळे वाहत होते.

आता बघा माझी गंमत. म्हाताऱ्यानं गुन्हा स्वतःवर घेतला होता. मी फक्त गप्प बसायचं होतं. आणि मी बसलो! भीती माणसाला काय काय दाखवते: पोलीस आले, हातकड्या आल्या, व्हिसा फाटला, विमानतळावर वडील हार घेऊन उभे, शेवंतीचा. मी किती वेळ गप्प होतो? बायको म्हणते अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात माझे केस पिकायला सुरुवात झाली, फोटो दाखवू शकतो.

बायको माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

“आजोबा,” मी म्हणालो, “ठोकळे तुम्ही लावले होते. मी काढले. लिंबांसाठी.”

त्यांनी मान हलवली. “चांगला मुलगा आहेस.”

“नाही हो, खरंच काढले! आणि माझ्या आजोबांकडे गाडी नव्हती. सायकल होती.”

“तो डॅडना बरं वाटावं म्हणून म्हणतोय,” मुलगी हळूच म्हणाली. “छान आहे. पण नको.”

“मामलेदार छत्री घेऊन बसले होते ना मागं?” आजोबा म्हणाले. “आता सायकल म्हणतोस. राहू दे, सन.”

आयुष्यात एकदा खरं बोललो, तर ते विकत घ्यायला कुणी तयार नाही. एका माणसाची आठवण माझ्यामुळं त्याच्या हातून निसटत होती, आणि माझ्या शब्दाला शेंगदाण्याच्या टरफलाएवढंही वजन नव्हतं. गाडी अंगावर आली तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

बायको उठली. गॅरेजच्या कोपऱ्यात, जिथं तिनं पूजेचं मांडलं होतं, तिथून दोन्ही हातांत काहीतरी घेऊन आली आणि आजोबांच्या मांडीवर ठेवलं. ते दोन तिकोनी ठोकळे. दसऱ्याला हत्यारं-अवजारं सगळी पुजतात, म्हणून तिनं त्यांनाही सोडलं नव्हतं. प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं, वर एक एक शेवंती.

“ह्यानं माझ्याकडे दिले,” ती तिच्या तुटक इंग्रजीत म्हणाली. “मी पूजा केली. गाडी सुरू करायच्या आधी.”

आजोबांनी कुंकवावर बोट टेकवलं. मग दुसऱ्या ठोकळ्यावर. बराच वेळ. रंग त्यांच्या चेहऱ्यात परत येताना मी पाहिला, आणि त्या पाठोपाठ संताप येतानाही पाहिला.

“लिंबं,” ते म्हणाले.

“हो.”

“तू लिंबांनी माझी गाडी अडवणार होतास.”

“नाही, तसं नाही, लिंबं दृष्ट लागू नये म्हणून...”

“आणि तुझे आजोबा डावीकडून चढायचे?”

मुलगी ठोकळ्यांकडे बघत होती, मग बापाकडे. तिनं नाक पुसलं. “गुडघे सुजणार आहेत,” ती म्हणाली, आणि फ्रीझरमधून मटारच्या दोन पिशव्या आणायला गेली. गाडीबद्दल एक शब्द नाही.

ती परत आली तेव्हा आजोबा खुर्चीवर बसले होते. मिरवणुकीला पाऊण तास होता. त्यांनी हँडल उचलून माझ्यापुढं धरलं.

“मला आज वाकता येणार नाही. तू मार.”

“मी?”

“तुला हिची सवय आहे ना.”

मी ठोकळे लावले. लाथ मारून घट्ट केले. पुन्हा बघितले. हार उचलून, गुडघ्यांवर बसून, तिसऱ्यांदा बघितले. मग टेबल आणि रेडिएटरच्या मध्ये शिरलो. त्या तीन फुटांत किती थोडी हवा असते ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मांड्यांना पितळेचा गार स्पर्श झाला. चिरडलेल्या लिंबाचा वास येत होता.

“अंगठा बोटांच्या बाजूनं ठेव,” मागून आजोबा म्हणाले. “हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं. आणि ठोकळे?”

“लावलेत, आजोबा.”

“तू म्हणतोस,” ते म्हणाले, आणि मुलीला म्हणाले, “जरा तू बघ गं.”