एइनोच्या नावाची कॉन्फरन्स

लेम्पी कालिओ आमच्या कॉलेजच्या खानावळीत माझ्या शेजारी उभी राहून सूप वाढायची. ठेंगणी, तुसडी. एखाद्या पोरानं सूप टाकलं तर वाडगा पुन्हा त्याच्या हातात द्यायची. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एका गोलकीपरची उस्तवार केली तेवढी बास."

तो गोलकीपर म्हणजे तिचा धाकटा भाऊ, एइनो. आईबाप लवकर गेले, त्याला लेम्पीनंच वाढवलं. आमच्या केटल बे गावच्या कॉलेजकडून तो बर्फावरची हॉकी खेळायचा. एकदा बाहेरगावची मॅच खेळून येताना हिमवादळात संघाची गाडी खड्ड्यात गेली. दोघांचे पाय मोडले. एइनो मदत आणायला चालत निघाला. एका शेतावरच्या घराचं दार वाजवलं, गाडी कुठे अडकलीय ते सांगितलं. घरवाले म्हणाले, थांब, शेकत बस. तो म्हणाला, पोरं घाबरली असतील, आणि घोंगडी घेऊन उलट्या पावली निघाला. पोरं वाचली. एइनो सकाळी बर्फात सापडला.

त्याच वर्षी सरोवराकाठच्या सहा कॉलेजांनी आपापसात खेळायचा गट बांधला होता. हॉकीवाले त्याला कॉन्फरन्स म्हणतात. त्या कॉन्फरन्सला त्यांनी एइनोचं नाव दिलं, कालिओ कॉन्फरन्स. तेव्हापासून दर मार्चमध्ये अंतिम सामना संपला की बर्फावर गालिचा टाकायचे आणि लेम्पी जिंकलेल्या कप्तानाच्या हातात चषक द्यायची.

मग सहातली दोन कॉलेजं बंद पडली. उरलेल्यांतही पोरं मिळेनात. दक्षिणेकडची चार कॉलेजं यायला तयार होती, पण त्यांना नाव सगळ्यांचं हवं होतं, एका गावचं नको.

हे सांगायला ब्रेना ऑस्टबी लेम्पीच्या घरी आली. ब्रेना कॉन्फरन्सची प्रमुख. कॉलेजात असताना मुलींच्या संघाची कप्तान म्हणून तिनंही लेम्पीच्या हातून चषक घेतला होता. मी शेजारीच राहते, तेव्हा तिथंच होते.

"मिस कालिओ, नावाबद्दल बोलायचं होतं."

"विचारायला आलीस की सांगायला?"

ब्रेनानं कप खाली ठेवला. "सांगायला. बैठकीत मतं पडतील, पण ठरल्यातच जमा आहे."

"खोटं नाही बोललीस, बरं केलंस. कॉफी पी, निवतेय."

ब्रेनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रुमाल लेम्पीनंच दिला. नवीन नाव काय, असं तिनं विचारलं.

"नॉर्थ क्राउन कॉन्फरन्स."

"मुकुट? कुणाचा गं?"

ब्रेनानं रुमाल घडी करून कपाशेजारी ठेवला.

बैठकीला मी लेम्पीला गाडीतून नेलं. तिला बोलायला वेळ दिला होता. ती उठली, खुर्चीची पाठ धरून म्हणाली, "माझा भाऊ फार हुशार नव्हता. गोलही बरेच खायचा. पण तो परत फिरला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एवढंच." आणि बसली.

सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. एका कॉलेजच्या अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग सगळे बसले आणि मत द्यायला हात वर झाले. सगळ्यांचे. आमच्या कॉलेजच्या अध्यक्षांचाही. ते आमच्याकडे बघत नव्हते.

परतताना गाडीत लेम्पी म्हणाली, "कुणी वाकडं बोललं असतं ना, तर भांडले असते मी. टाळ्या वाजवणाऱ्यांशी काय भांडायचं?"

मार्चमध्ये ब्रेनाचा फोन आला. चषक द्यायला यालच ना?

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "शोभेला बोलावतायत तुला."

"खेळणाऱ्या पोरांनी काय घोडं मारलंय?" म्हणत ती गेली.

दक्षिणेकडचं नवीन कॉलेज जिंकलं. कप्तान चांगला पोरगा होता. घामानं निथळत होता तरी हेल्मेट काढून वाकला. चषक घेता घेता त्यानं अगदी मनापासून विचारलं, "आजी, तुमचा नातू कुठल्या संघात आहे?"

मी गालिच्याच्या कडेला उभी होते. तोंड उघडणार तोच लेम्पीनं हातानं मला थांबवलं.

"कुठल्याच नाही," ती त्याला म्हणाली. "मी इथल्या खानावळीत होते. नीट धर, जड आहे."

त्यानं चषक डोक्यावर उचलला आणि सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडली. लेम्पीला धक्का लागू नये म्हणून कुणीतरी तिला बाजूला केलं.

घरी आल्यावर ती कोट न काढताच बसून राहिली. "सांगितलं का नाहीस त्याला?" मी विचारलं.

"त्याच्या आनंदाच्या दिवशी मेलेल्या माणसाची गोष्ट? आणि सांगून काय, नाव परत लागणार होतं?"

मी कॉफी टाकायला उठले.

पुढच्या मार्चमध्ये फोन आला नाही. सामन्याच्या दिवशी लेम्पी सकाळपासून फावडं घेऊन बर्फ उपसत होती. आधी तिच्या दारातला, मग माझ्या दारातला, मग रस्त्यापर्यंतचा. मी खिडकीत उभी राहून बघत होते. आत ये, असं म्हणायचं धाडस मला झालं नाही.