अशेम्ड ऑफ

धुळ्याला देवपुरात आत्याकडे राहून मी आठवीत शिकत होते. बाईंनी एकदा फळ्यावर 'अशेम्ड ऑफ' लिहिलं आणि वाक्य करायला सांगितलं. निम्म्या मुली खेड्यातल्या. घरात 'माले लाज येस' म्हणायची सवय, तेव्हा वह्यांवर 'शेम कम्स टू मी' उतरलं. बाईंनी कपाळावर हात मारला. मी मात्र दीडशहाणी. मी लिहिलं, 'आय ॲम अशेम्ड ऑफ माय फादर्स टर्बन.'

आणि ते खरं होतं, ही त्यातली वाईट गोष्ट. आबा कापसाची गाडी घेऊन बाजारात आले की मला भेटायला शाळेत येत. डोक्यावर भलामोठा लाल फेटा, त्यात कापसाचे तंतू अडकलेले. मुली फिदीफिदी हसत. मी मान खाली घालून फाटकापर्यंत जाई.

बाईंनी माझं वाक्य मोठ्यानं वाचलं. "लाज, आणि पुढे 'ऑफ'! हिच्याकडून शिका," म्हणाल्या आणि लाल पेन्सिलीनं दहापैकी दहा दिले. वर्ग हसला. मी वळून पाहिलं तर दारात आबा. इंग्रजी त्यांना कुठलं कळायला. पण लेकीचं कौतुक चाललंय एवढं कळलं होतं, आणि 'लाज' हा शब्दही कानावर पडला होता.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "काय लिखं व माय? लाज काय म्हने?"

मग मी सरळ खोटं बोलले, "लिहिलं, की मी आबांची लाज राखते."

आबांचे डोळे भरून आले. "तो कागद दे माले," म्हणाले. "बठ्ठा गावले दाखाडसू." सगळ्या गावाला दाखवायला मागतात, मी नाही कशी म्हणणार? वहीचं पान फाडून दिलं. त्यांनी घडी घातली आणि फेट्याच्या पदरात खोचली. आमच्या गावात इंग्रजी वाचणारं कोणी नाही, एवढाच मला धीर होता. त्या धीराचीही आज शरम वाटते.

पण वाटेत दोंडाईचा होतं. तिथं कापसाच्या पेढ्या, पेढ्यांवर शिकलेले गुमास्ते. आबांनी तो कागद हौसेनं कोणापुढे धरला, त्यानं काय अर्थ सांगितला, मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या खेपेला आबा शाळेत आले ते पांढरी कोरी टोपी घालून. टोपी लहान होती. कपाळावर फेट्याखाली उन्हापासून वाचलेली गोरी पट्टी उघडी पडली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. त्या दिवशी कोणीही हसलं नाही.

फाटकापाशी आबांनी टोपी दोन्ही हातांनी सारखी केली.

"आते बरी दिखस ना, माय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.